सईदाच्या बिस्किटांची कृती

एकसष्ट साली दिग्रसमध्ये सईदाच्या बिस्किटांची कृती मागितली नाही अशी बाई शोधूनच काढावी लागली असती. बिस्किटं होतीही तशीच. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ, आणि घासागणिक चॉकलेटचा एखादा काळा तुकडा. सईदाचे वडील रहमत यवतमाळला एका मडमेकडे खानसामा होते. तिच्याकडून ते शिकले आणि लेकीच्या हाती देऊन गेले. चॉकलेटची वडी नागपूरहून यायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ राहायची. भट्टी सईदाच्या नवऱ्यानं, मुख्तारनं, तेलाचा डबा कापून बनवली होती. खाली निखारे, झाकणावर निखारे. मुख्तार विठ्ठलरावांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री होता.

कुणी कृती मागितली की सईदा हसायची आणि दोन बिस्किटं हातावर ठेवायची. पण विठ्ठलरावांच्या विमलताई कागद-पेन्सिल घेऊन दारात आल्या, तेव्हा तिला हसून सुटता येईना.

"पुष्पीचं लगन ठरलं, पुसदले," विमलताई पाटावर बसत म्हणाल्या. "तिच्या सासरच्याइले मी सांगून बसली, आमची पोरगी अशी बिस्किटं करते म्हणून. आता शिकवा लागते. सांग, मी लिहून घेतो."

"लोणी पावशेर," सईदा सांगू लागली. "पाणी पुरं निथळून घ्याचं. अर्धी साखर, अर्धा गूळ..."

"आमच्या सासूबाई तं सांजेले दुधात बुडवून खातेत," विमलताई लिहिता लिहिता कौतुकानं म्हणाल्या. "गळ्यात माळ घातल्यापासून बाहेरच्या खाण्याले हात लावत नाहीत. पण तुयं चालते त्याइले. म्हणतेत, सईदाचा हात निर्मळ हाये."

सईदानं पुढचा शब्द गिळला. पुढचा शब्द होता, दोन अंडी.

तिनं काही लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. बिस्किट म्हटलं की अंडं आलंच, हे लहानपणापासून इतकं अंगवळणी पडलं होतं की कधी मनातही आलं नाही. आणि दोन वर्षं त्या माळकरी घरात तिचे डबे जात होते.

"मंग?" विमलताईंनी पेन्सिल थांबवली.

"मंग... दही. दोन चमचे," सईदा म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला.

विमलताई गेल्या तशी तिनं भट्टी पेटवली. दह्याचं खरंच जमलं, तर खोटं खोटं राहणार नव्हतं. पहिल्या घाण्यात सगळी बिस्किटं पसरून एकच चपटी पोळी झाली. दुसरा घाणा दाताखाली दगडासारखा.

"अंडी सरली काय घरातली?" सासूनं, सुग्राबीनं, विचारलं. सईदानं सगळं सांगितलं. लसूण सोलणारे सुग्राबीचे हात थांबले.

"चूप राह्य," ती म्हणाली. "पोराची रोटी त्याइच्या घरची हाये. कोणाले एक शब्द बोलू नको."

दोन दिवस सईदानं मुख्तारलाही सांगितलं नाही. दाराची कडी वाजली की ती आधी फटीतून पाहायची. तिसऱ्या दिवशी कडी वाजली आणि विमलताईच आत आल्या, हातात ताट. ताटात तसलीच चपटी पोळी.

"काय चुकलं व माह्यं? भट्टीची आच कमी पडली काय?"

"हो, हो, आचच," सुग्राबी आतून घाईनं म्हणाली.

सुटका आयती समोर आली होती. सईदानं मान डोलवायची तेवढी बाकी होती. पण तिच्या डोळ्यांपुढे पुष्पी आली, पुसदच्या नव्या घरात, असंच बिघडलेलं ताट हातात घेऊन गोंधळून उभी असलेली.

"ताई, आच नाही," ती म्हणाली. "माह्या बिस्किटात अंडी असतेत. पह्यल्यापासून. तुमच्या घरी गेले त्याच्यातबी होते. मी तुमाले खोटं सांगितलं."

विमलताईंचा चेहरा पांढरा पडला. त्या तशाच माघारी फिरल्या. ताट तिथंच राहिलं.

संध्याकाळी मुख्तारनं सगळं ऐकून घेतलं. "सांगितलं ते बरं केलं," तो म्हणाला, "पण मले आधी सांगाचं होतं."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि सईदा दिवसभर दाराकडे पाहत बसली. तो लवकर परतला तर काय समजायचं, ते तिला ठाऊक होतं. तो नेहमीच्या वेळीच आला. "मशीनचा पट्टा तुटला होता. मालकानं मलेच हाक मारली. दुसरं काही बोलले नाहीत." न बोलण्याचा अर्थ दोघांनाही लागेना.

खरं सांगितल्याच्या चौथ्या दिवशी विमलताई आल्या. डोळे सुजलेले होते.

"सासूबाईले सांगितलं मी. दोन दिवस अन्न घेतलं नाही त्याइनं. माह्यासंगही बोलल्या नाहीत. काल म्हणाल्या, तिले इचारलंच कोणी होतं? न इचारता आपणच खाल्लं, तिच्यावर राग धरू नका." त्या थांबल्या. "पण आता तुह्या घरचं काही घेणार नाहीत त्या. पाणीबी नाही."

सईदानं मान हलवली. पदर डोळ्यांना लावला तो बराच वेळ निघाला नाही. विमलताईंनी पाट ओढला.

"रडत काहून बसली? पुसदवाल्याइले शब्द देऊन बसली मी. बिनअंड्याचं जमवून दे."

त्या दुपारी दोघींनी चार घाणे काढले. दही वजा केलं, साय घातली, कणीक वाढवली, गोळा तासभर ओल्या फडक्याखाली ठेवला. चौथ्या घाण्याला बिस्किटानं आकार धरला. विमलताईंनी एक मोडून तोंडात टाकलं.

"पह्यल्यासारखं नाही."

"नाही, ताई. नाहीच होणार."

"चालते," म्हणून त्यांनी नवा कागद काढला.

पुष्पी ती कृती घेऊन पुसदला गेली. वच्छलाबाईंनी, म्हणजे विमलताईंच्या सासूबाईंनी, त्या बिस्किटालाही कधी हात लावला नाही. लग्नाच्या मांडवात मात्र त्यांनी बायकांच्या घोळक्यात उभ्या सईदाला पाहिलं, बराच वेळ पाहत राहिल्या. मग खुणेनं जवळ बोलावलं आणि एवढंच विचारलं, "जेवली काय व?"