नकाशातले श्री

पावणेतीन वाजले तरी मालिनीच्या कॉम्प्युटरवर अख्खी वाडी म्हणजे एक टिंब. दुसरं टिंब पार खाली, डाव्या कोपऱ्यात, आणि मधे नुसता पांढरा पडदा. बारवीकडच्या डोंगरातल्या त्या वाडीची घरं, वाटा, झरा अशी एक्केचाळीस ठिकाणं निवृत्त मोजणीदार विष्णुपंतांनी उन्हातान्हात मोजून वहीत उतरवली होती. मालिनीने तो तक्ता एकेक आकडा टाइप करून नकाशाच्या प्रोग्रामात भरला होता. आता त्या प्रोग्रामला काय धाड भरली होती, कोण जाणे.

पाचच्या आत नकाशा कुळगावच्या कचेरीत पोचला नाही, तर यंदाच्या नळयोजनेतून वाडी कटाप. वाडीवरचा सुकऱ्या सकाळपासून उल्हासनगर कॅम्प चारमधल्या या ऑफिसात बाकावर बसून होता. चहा विचारला तर नको म्हणायचा, आणि तेवढ्यानेच मालिनीला जास्त अपराधी वाटायचं.

तिने रकाने उलटसुलट केले. आकड्यांमधे स्वल्पविराम घातले, काढले. फ्लॉपी फुंकून पाहिली. सत्त्याण्णव साली असला प्रोग्राम अख्ख्या कॅम्पात दुसरा नव्हता, त्यामुळे विचारायची सोयच नाही.

"अडतीस वर्षं मोजणी केली," विष्णुपंत मागून म्हणाले, "माझं गाव कधी टिंब झालं नाही."

"काका, जरा गप्प बसता का?"

वैतागून तिने कोपऱ्यातल्या टिंबावर क्लिक केलं. नाव आलं, SHRI. पूर्व शून्य, उत्तर शून्य. मालिनीने कपाळावर हात मारला. वहीच्या पहिल्या ओळीत पंतांनी शिरस्त्याप्रमाणे 'श्री' लिहिलं होतं, आणि टाइप करताना मागे उभं राहून तिच्याकडूनही लिहवून घेतलं होतं. प्रोग्रामला देवधर्म काय कळतो? त्याने ते एका ठिकाणाचं नाव धरलं, पुढे आकडे नाहीत म्हणून शून्य-शून्य, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते ती पार दक्षिणेची जागा, दिली, आणि दोन्ही टोकं एका कागदावर मावावीत म्हणून वाडी चिरडून टाकली.

"काका, तुमचे श्री इथून दोन हजार किलोमीटरवर, समुद्रात पडलेत."

"तो समुद्रातच असतो. शेषावर," पंत शांतपणे म्हणाले. "तू वाडीचं बघ."

"ही ओळ पुसली की वाडी दिसेल."

"श्री पुसायचा? माझ्या कामातून? हात तर लाव."

झालं. पावणेचारपर्यंत तेच. छापलेल्या नकाशावर श्री हाताने लिहू म्हणाली, तर पंत म्हणाले, आरंभीचा श्री शेवटी चिकटवतात काय? मालिनीला रडू फुटायचं बाकी होतं. म्हातारा हट्टी, घड्याळ पुढे पळतंय, आणि बाकावरचा माणूस काही बोलतही नाही.

"मग त्यालाच आकडे द्या ना," ती शेवटी करवादली. "वाडीत कुठेतरी जागा द्या, म्हणजे तो समुद्रातून तरी निघेल."

पंत विचारात पडले. कोणाच्या घरात बसवला तर दुसऱ्याला राग. वाटेवर तर पायदळी येणार. वही उलटीसुलटी चाळत बसले.

"झऱ्यावर बसवा त्याला," सुकऱ्या बाकावरून म्हणाला. "आमच्या बाया पहाटंपासून हंडं घेऊन बसत्यात, एक हंडा भराया तास लागतो. त्यो बी बसू दे. मंग त्याला कळंल."

पंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग झऱ्याचे आकडे स्वतःच वाचून दाखवले. मालिनीने ते श्रींच्या पुढे भरले. क्षणात पडदाभर वाडी पसरली, घर न् घर दिसायला लागलं.

नकाशा छापून घेतला, आणि रिक्षात तिघं कोंबून कुळगावला पोचले तेव्हा पाचला दहा कमी होते. इंजिनिअरसाहेबांनी नकाशा पाहिला आणि झऱ्यापाशी बोट ठेवलं.

"हे श्री कोण? यांचं घर कुठाय?"

"घर नाय साहेब," सुकऱ्या म्हणाला. "पान्याच्या रांगेत हायेत. आमच्या बायांच्या मागं."

साहेबांनी झऱ्यावरचं बोट उचललं आणि शिक्का मारला.