चौऱ्याऐंशी किलो

डॉक्टरांनी कागदावर ब्याण्णव लिहिलं, खाली चौऱ्याऐंशी लिहिलं आणि मधे एक बाण काढला. ब्याण्णव किलो हे राजानंदचं आजचं वजन. चौऱ्याऐंशीवर ते यायला हवं होतं, तेही दहा आठवड्यांत.

त्याच्या धाकट्या बहिणीचं, रूपालीचं लिव्हर निकामी होत चाललं होतं. ती वडीगोद्रीला दिली होती. तिच्या नवऱ्याचा, धर्मराजचा रक्तगट जुळत नव्हता आणि आईचं वय सत्तरीच्या पुढं गेलेलं. राजानंदचा रक्तगट जुळला, पण तपासणीत त्याच्या लिव्हरवर चरबी दिसली. चरबी उतरली तरच त्याच्या लिव्हरचा तुकडा काढून बहिणीला बसवता येणार होता. तोवर रूपाली तग धरेल का, असं त्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, धरेल असं मानूनच आपण चालायचं. संभाजीनगरहून भोकरदनला येणाऱ्या बसमध्ये हेच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

भोकरदनला तहसीलसमोर त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. सतरा वर्षं तो एकाच खुर्चीत बसून काम करत आला होता. चहाबरोबर काहीतरी तोंडात टाकायचं आणि पुढचा फॉर्म उघडायचा. वजन हा विषय त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ कहकशा मॅडमनी त्याला तक्ता करून दिला होता. दिवसाला पंधराशे कॅलरी खायच्या आणि रोज पाऊण तास भरभर चालायचं. राजानंदनं तो धड वाचलाही नाही. पंधराशे खाऊन दहा आठवडे लागत असतील तर पाचशे खाऊन चारच लागतील, असं त्यानं ठरवून टाकलं. सकाळी एक भाकरी, संध्याकाळी पेलाभर ताक. पहाटे उठून दीड तास पळायचं. सतरा दिवसांत पाच किलो उतरले. त्यानं रूपालीला फोन करून सांगितलं. तिचा आवाज बारीक झाला होता. हळू घे, एवढंच ती म्हणाली.

अठराव्या दिवशी झेरॉक्स काढता काढता त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तो पडला, कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. शेजारच्या दुकानदारांनी त्याला गावातल्या दवाखान्यात नेलं. त्याची बायको दैवशाला धावत आली, तेव्हा त्याच्या शर्टवर रक्त होतं. ती खाटेची कड धरून नुसती उभी राहिली.

कहकशा मॅडम मूळच्या जालन्याच्या, मस्तगडच्या. दुसऱ्या दिवशी राजानंद संभाजीनगरला गेला तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही, पण सगळं स्पष्ट सांगितलं. "भाऊ, उपाशी राहून जे उतरलं त्यात चरबीबरोबर पाणी अन् अंगातलं मांसही गेलं. असं झपाट्यानं वजन उतरवलं तर लिव्हर आणखी बिघडतं. आम्हाला तुमचं लिव्हर धडधाकट पाहिजे." शरीर दिवसभरात जेवढं खर्च करतं त्यापेक्षा थोडंच कमी खायचं, फार कमी नाही. जेवण सोडायचं नाही, चालणंही सोडायचं नाही. आठवड्याला पाऊण किलो, जास्तीत जास्त एक. आपल्या घाईनं आपण बहिणीचा एकुलता एक आधार घालवत होतो, हे राजानंदला आत्ता कळलं.

मग दैवशालानं स्वयंपाकघर हातात घेतलं. दोन वेळा ज्वारीची भाकरी, वाटीभर वरण, पालेभाजी, अंडं. तेल चमच्यानं मोजून. जेवण सुरू झालं तसं वजन दोन किलो वाढलं, मग हळूहळू उतरू लागलं. सहाव्या आठवड्यात काटा सत्त्याऐंशीवर आला आणि तिथंच अडला. पुढं थोडा वरच सरकला.

तिकडं रूपालीला संभाजीनगरच्या दवाखान्यात भरती केलं होतं. तिच्या पोटात पाणी भरत होतं. सुई घालून ते काढावं लागत होतं. धर्मराज रोज संध्याकाळी फोन करून आकडा विचारायचा. एकदा राजानंद खोटंच शहाऐंशी म्हणून गेला.

दैवशालाला कळेना. ताटात चमचाभरसुद्धा जास्त पडत नव्हतं. राजानंद रोज सहाला चालायला जायचा, घामाघूम होऊन यायचा. एका सकाळी तिनंही बूट घातले. राजानंद नको नको म्हणाला, पण ती निघालीच. जाफराबाद रोडला एक छोटं हॉटेल होतं. राजानंद दिसताच हॉटेलवाल्यानं न विचारता दोन कचोऱ्या आणि जिलेबी कागदावर ठेवून बाकड्यावर सरकवली, आणि वहिनींना काय देऊ म्हणून विचारलं.

दैवशालानं कागदाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. दोघं तसेच पुढं निघाले. पुलाच्या कठड्याशी राजानंद थांबला.

"मला भीती वाटून राह्यली," तो म्हणाला. "वजन उतरलं की तारीख देतील. मंग टेबलावर घेतील, पोट फाडतील. हितं येऊन खाल्लं की वाटतं, आजचा दिवस टळला. खाताना चवसुद्धा लागत न्हाई."

आता ती चिडेल, असं त्याला वाटलं. ती कठड्यावर बसली.

"काटा उतरला न्हाई की मला आतून बरं वाटतं," ती म्हणाली. "अन् लगेच स्वतःचीच लाज वाटती. रूपालीताईच्या तोंडाकडं बघायला नको वाटतं."

त्याच दिवशी दोघं संभाजीनगरला गेले. डॉक्टरांनी राजानंदला एकट्याला आत बोलावलं. तुम्ही केव्हाही नाही म्हणू शकता, असं ते म्हणाले. नातेवाइकांना आम्ही फक्त लिव्हर योग्य नाही एवढं सांगू, खरं कारण कुणाला कळणार नाही. सुटायची वाट इतकी सोपी आहे हे कळल्यावर राजानंद जास्तच घाबरला. आपण त्याच वाटेनं जाऊ, अशी त्याला खात्रीच वाटायला लागली. म्हणून तो तडक रूपालीच्या खाटेपाशी गेला आणि कचोरीपासून खोट्या आकड्यापर्यंत सगळं सांगून बसला.

रूपालीचे हात काटकीसारखे झाले होते. तिनं डोळे मिटून ऐकलं.

"दादा, तू न्हाई म्हणलास तर मी बराबर समजून घेईन. भीती कुणाला वाटत न्हाई? पण खोटा आकडा नको सांगू. तुझा आकडा ऐकून मी दिवस मोजून राह्यले."

बाहेर येऊन तो बाकड्यावर बसला. थोड्या वेळानं उठून तो परत डॉक्टरांकडं गेला आणि लिव्हर देणारी माणसं यात मरतात का, असं सरळ विचारलं. क्वचित, पण होतं, असं डॉक्टरांनी लपवाछपवी न करता सांगितलं. काय काय बिघडू शकतं तेही सांगितलं. राजानंदनं सगळं ऐकून घेतलं आणि आणखी चार आठवडे मागितले.

दुसऱ्या दिवसापासून दैवशाला त्याच्याबरोबर हसनाबाद रोडला चालायला लागली. रोज एक तास. दुकानात दर तासाला तो उठून तहसीलला एक चक्कर मारायचा. भीती होतीच, पण आता संध्याकाळी दोघं मिळून तिच्याबद्दल बोलायचे. मोजून वाढलेलं जेवण पूर्ण जेवायचं आणि दुसरं काही खायचं नाही. काटा पुन्हा खाली निघाला.

नवव्या आठवड्यात रूपालीला रक्ताची उलटी झाली. ती तीन दिवस आयसीयूत होती. ते कळताच राजानंद ताटावरून उठला आणि बूट घालायला लागला. आता जेवायला वेळ नाही, असं म्हणाला. दैवशालानं दारात आडवी येऊन ताट त्याच्यापुढं धरलं.

"तुम्ही पडलात तर तिला कोण हाय?"

तो उंबऱ्यातच बसला. प्रत्येक घास पाण्यानं उतरवत जेवला आणि मगच चालायला गेला.

अकराव्या आठवड्यात दवाखान्यातला काटा चौऱ्याऐंशीवर थांबला. स्कॅनमधे चरबी उतरलेली दिसली. डॉक्टरांनी पुढच्या मंगळवारची तारीख दिली. राजानंदनं सही केली.

मंगळवारी स्ट्रेचरवर त्याला हुडहुडी भरली होती. त्यानं आणखी एक चादर मागितली. दैवशाला दारापर्यंत हात धरून आली. पुढं तिला सोडलं नाही. दिवे डोळ्यांवर आले तेव्हा पळून जावं असंच त्याला वाटत होतं. तेवढ्यात कुणीतरी नाव विचारलं, आणि त्यानं सांगितलं.

चौथ्या दिवशी नर्सनं त्याला उठवून चालवलं. टाक्यांना ओढ बसत होती. पोटावर हात दाबून, दैवशालाच्या खांद्याचा आधार घेत तो आयसीयूच्या काचेपर्यंत पोचला. आत रूपाली नळ्यांमध्ये निजलेली. लिव्हर काम करायला लागलंय, पण आठवडाभर काही सांगता येणार नाही, असं नर्स म्हणाली. राजानंद काचेला कपाळ टेकून तिची छाती वरखाली होताना बघत राहिला. दैवशालानं दोनदा चला म्हटलं, तरी तो हलला नाही.

ऑपरेशननंतर सतराव्या दिवशी, राजानंद घरी आलेला असताना, रूपालीनं दवाखान्यातून स्वतः फोन करून विचारलं, दादा, जेवलास का?