झाकणभर डिझेल

आमच्या ट्रकला नाक आहे. हल्लीचे ट्रक भिंतीवर तोंड आपटल्यासारखे सपाट; आमचा जुन्या घडणीचा, लांब नाकाचा. त्या नाकावर एकदा कार्ल्यापाशी मोर येऊन बसला तो खोपोलीपर्यंत उतरलाच नाही. उतरला तेव्हा त्याला गाडी लागली होती, बिचारा झोकांड्या खात गेला. हे आमच्या परंदवडीत कोणालाही विचारा. मीच सगळ्यांना सांगितलेलं आहे.

ट्रक माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा, प्रदीपचा. प्रदीप गेला, मग माझे गुडघे गेले, आणि ट्रक अंगणात उभा राहिला तो राहिलाच. त्याचं इंजिनही शेवटी शेवटी अर्धं डिझेल चाकांना द्यायचं आणि अर्धं आभाळाला. मग प्रदीपच्या मुलीनं, चैतालीनं, मनावर घेतलं. ती सुदुंबऱ्याकडच्या एका कारखान्यात इंजिनं तपासायच्या कामावर आहे. तिनं अपघातात चेपलेल्या एका नव्या टेम्पोचं इंजिन मिळवलं आणि आमच्या जुन्या नाकाखाली बसवलं.

बसवणं जमलं. त्याला डिझेल पाजणं जमेना.

जुनं इंजिन गाळ, पाणी, जे मिळेल ते प्यायचं. हवा धरली तर हातपंप मारायचा, शिवी द्यायची, चालू. नवं इंजिन म्हणजे मानापानाचा जावई. डिझेल गाळलेलं हवं, दाबानं हवं, आणि नळीतून एक बुडबुडा आला तर ताटावरून उठतं. शिवाय सगळं पीत नाही. उरलेलं गरम करून परत टाकीत धाडतं. म्हणून चैतालीनं गाडीच्या पोटाखालून दोन नव्या नळ्या नेल्या, एक जायची, एक यायची. चढावर डिझेल मागे सरकलं तरी नळीचं तोंड बुडलेलं राहावं म्हणून टाकीत पेला बसवला. नवा पंप, नवा फिल्टर, टाकीला कुलपाचं घट्ट झाकण. आणि डिझेल कमी होईल तशी आत हवा यावी म्हणून टाकीच्या डोक्यावरून एक बारकी नळी काढून ती स्वयंपाकघराच्या बाजूला वळवून ठेवली. प्रत्येक रविवारी पोरगी गाडीखाली आणि मी गाडीशेजारी खुर्चीत, पाने हातात द्यायला. पडून काम करणाऱ्यापेक्षा बसून बघणारा जास्त थकतो, यावर माझा अनुभवानं विश्वास बसलाय.

तिची आई शालन मात्र या सगळ्याला विटली होती. तिला ट्रकच्या जागी एक खोली हवी होती. पोरीचा एकुलता सुट्टीचा दिवस गाडीखाली जातो, हेही तिला बघवत नव्हतं. तिचा ट्रकवर जुना रागही होता. लग्न झाल्यावर प्रदीप तिला याच ट्रकमधून लोणावळा दाखवायला निघाला होता. कामशेतच्या खिंडीत क्लच प्लेट जळाली आणि नवी नवरी एसटीनं परत आली. त्यानंतर लोणावळ्याचं नाव काढलं की ती भांडी जोरात ठेवते.

दोनदा आम्ही ट्रक रस्त्यावर काढला. दोन्ही वेळा टाकी काठोकाठ भरून निघालो, आणि दोन्ही वेळा त्याच खिंडीत चढावर इंजिनानं मान टाकली. चैताली लॅपटॉप जोडून बघायची. डिझेलचा दाब पडला, एवढंच तो सांगायचा. ओढून घरी आणला की टाकी उघडायची, उपसायची, पंप बदलायचा, नळ्या बदलायच्या. अंगणात लावला की इंजिन गोड चाले. दुसऱ्या वेळी ती बंद गाडीच्या पायरीवर बसून राहिली, हात पुसायचंही सुचलं नाही तिला.

त्यावर शालननं निकाल दिला. आता शेवटचं. ट्रक लोणावळ्याला जाऊन स्वतःच्या चाकांवर परत आला तर राहील, नाहीतर खिंडीतूनच भंगारात. आणि नंतर कोणी शब्द फिरवू नये म्हणून ती स्वतः केबिनमध्ये येऊन बसली. मांडीवर डबा, डब्यात भाकरी.

भंगारवाला म्हणजे महिपती. सोमाटण्याला त्याचा गाळा आहे आणि गाड्या ओढायची छोटी क्रेन आहे. एके काळी हाच आमच्या ट्रकवर क्लीनर होता. तो क्रेन घेऊन आमच्या मागेच निघाला, म्हणजे हेलपाटा नको. निघताना खिडकीशी येऊन म्हणाला, ‘भिकाभाऊ, सावकाश घ्या. मला काय घाई न्हाई.’ मयताला आलेला माणूस घरच्यांना चहा प्यायचा आग्रह करतो, तसा चेहरा.

ऊन रणरणत होतं. जुन्या हायवेवर पुण्याची रविवारची गर्दी, जो तो लोणावळ्याला चिक्की खायला. वडगाव गेलं, कान्हे फाटा गेला. चैताली गाडी चालवत होती, कान इंजिनाकडे. मी मोराची गोष्ट काढली. शालन म्हणाली, ‘भाऊजी, त्यो मोर मागल्या वक्ताला तळेगावात बसला व्हता.’ या वयात मोरानं तरी किती उडायचं.

खिंडीचा चढ लागला. वळणाच्या जरा अलीकडे इंजिनानं एक आचका दिला, दुसरा दिला, आणि थांबलं. मागे महिपतीची क्रेनही थांबली.

चैतालीनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. रडली नाही. इतकंच म्हणाली, ‘बास आबा. मला आता खरंच काही सुचत नाही.’

मी खाली उतरून चाकाला दगड लावला. मागून महिपती साखळी घेऊन आला, पण साखळी अडकवेना. इकडे तिकडे बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, ‘भाऊ, केरबाला दिलं का?’

हा केरबा सांगायला हवा. महिपती मिसरूड न फुटलेला क्लीनर होता तेव्हा चालत्या गाडीत झोपायचा. आमच्या घरात बुद्धवंदना होते, भुताखेतांना थारा नाही. पण त्याच्या घरात होता, म्हणून मी एक भूत तयार करून दिलं. केरबा नावाचा ड्रायव्हर, त्याचं डिझेल या वळणावर संपलं, वाट बघत बसला आणि अजून बसलाय. जाणाऱ्या गाडीनं टाकीचं झाकण उघडून झाकणभर डिझेल रस्त्यावर ओतायचं. नाही ओतलं तर तो नळीला तोंड लावतो. मावळात असा ड्रायव्हर कधी नव्हता. केरबा आमच्या रेड्याचं नाव. पण महिपती त्यानंतर खिंडीत कधी झोपला नाही.

‘न्हाई दिलं,’ मी तोंड न हलवता म्हणालो.

‘मग आसं कसं चालंल? दोनदा आडवली तवाच मला वाटलं. मी ह्याला साखळी लावली तर त्यो उद्या माझी क्रेन धरंल.’ त्यानं चैतालीकडे किल्ली मागितली. ती इतकी दमली होती की का म्हणूनही विचारलं नाही, जुडगा त्याच्या हातावर टाकला.

महिपतीनं चप्पल काढली, कुलूप उघडलं, झाकण फिरवलं. झाकण निघेना. जोर लावला, तसा टाकीनं असा काही श्वास आत ओढला, सूऽऽ करून, बराच वेळ, की महिपती झाकण टाकून क्रेनमागे गेला.

‘भाऊ,’ तो तिकडूनच म्हणाला, ‘प्यायला बगा त्यो.’

चैतालीनं मान वर केली. ‘हा आवाज कसला?’

ती उतरली. टाकीवर हात ठेवून उभी राहिली, मग त्या बारक्या नळीवर बोटं फिरवत फिरवत टोकापर्यंत गेली. टोकावर बोट थांबलं. तिनं पिनेनं टोकरून काहीतरी बाहेर काढलं आणि तळहातावर धरून माझ्यापुढे आणलं. निळ्या धुण्याच्या साबणाचा गोळा, नीट मळून, दाबून बसवलेला.

डिझेल गळायला लागलं की साबण मळून भोकात दाबायचा, ही आम्हा ड्रायव्हर लोकांची मलमपट्टी. प्रदीपचा हात त्यात बसलेला होता. प्रदीप गेल्यावर आमच्या घरात माझ्याशिवाय ते येणारं, त्याचं बघून शिकलेलं, एकच माणूस उरलं होतं.

चैतालीनं तळहात केबिनच्या खिडकीपाशी नेला. शालननं बघितलं आणि डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला.

‘चुलीपाशी वास यायचा,’ ती म्हणाली. ‘म्हणलं, गळतंय. चांगलं दाबून बसवला व्हता.’

‘अगं, ती टाकीची हवा आत यायची नळी आहे. बंद केलीस म्हणून पंपाला डिझेल ओढताच येत नव्हतं.’ चैतालीचा आवाज चढला नाही, चढण्याइतका उरलाच नव्हता. ‘आणि तुला तर ही गाडी भंगारात घालायची होती ना?’

‘घालायची व्हतीच की.’ शालन समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिली. ‘पर हाय तवर गळू कशाला द्यायची? तुझ्या बापाची हाय.’

बाजूनं गाड्या हॉर्न देत जात होत्या. चैतालीनं नळीत फुंकर मारली, महिपतीनं टाकलेलं झाकण शोधून लावलं, हातपंप मारून नळीतली हवा काढली. मग किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थरथरलं आणि लागलं. मी दगड काढला आणि गुडघ्यांना समजावत चढून बसलो.

वळणावरून ट्रक असा गेला की वळणालाही कळलं नाही. आरशात महिपती दिसला. रिकामी साखळी खांद्यावर, हात जोडून रस्त्याच्या कडेला उभा.

लोणावळ्यात आम्ही काही पाहिलं नाही. उभं राहायला जागा नव्हती, तिघांच्याही अंगात त्राण नव्हतं. रस्त्याकडेला ट्रक लावून भाकरी खाल्ली. शालननं एकदा चारी बाजूंना पाहिलं, ‘हेच व्हय?’ म्हणाली आणि परतताना केबिनच्या दाराला डोकं टेकून परंदवडीपर्यंत झोपली. दुसऱ्या दिवशी तिनं खोलीसाठी आखलेली चुन्याची फक्की अंगणातून झाडून टाकली आणि गोठ्याच्या बाजूला नवी मारली. ती बारकी नळीही चैतालीकडून स्वयंपाकघरापासून लांब वळवून घेतली.

महिपती अजून त्या वळणावर झाकणभर ओततो. त्याची क्रेन कधी बंद पडत नाही. एकदा त्याला खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं होतं. तो म्हणाला, ‘भाऊ, मी सोता ऐकलंय त्याला पिताना.’

मग मी त्याला मोराचं सांगितलं.