रुस्ताकच्या बागेतली उलटी झाडं

मी एक जुना काळा पडदा आहे, मित्रांनो. दाराला लावायचा नव्हे, कॅमेऱ्याचा. पूर्वी पेटीएवढे लाकडी कॅमेरे असत. त्यांच्या पाठच्या काचेवर चित्र उमटायचं, पण ते अंधारातच नीट दिसायचं. म्हणून फोटो काढणारा डोक्यावरून काळं कापड ओढून घ्यायचा. तेच हे कापड.

मला वसईत डोरोथीच्या आईने शिवलं. दुहेरी जाड सुती कापड, चारही कडांना दाट टीप. डोरोथीचे वडील फोटोग्राफर होते. नवरा-नवरी, पांढऱ्या झग्यातल्या मुली, बँडवाले, सगळे मी काचेवर पाहिले, आणि तेही डोकं खाली, पाय वर! त्या काचेवर सगळं उलटंच दिसतं. लहानगी डोरोथी माझ्याखाली शिरून ते बघत खिदळायची.

पुढे छोटे कॅमेरे आले. वडील गेले. डोरोथी नोकरीसाठी ओमानला आली, ती तो जुना कॅमेरा आणि मला घेऊनच. रुस्ताकच्या बाजारातल्या स्टुडिओत ती बायकांचे पासपोर्ट फोटो काढायची. मी कपाटात पडून असे. एकदा तर कुणीतरी माझ्याने काउंटर पुसला. मी काय बोलणार?

अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात खलफान नावाचे गृहस्थ स्टुडिओत आले. खजुराच्या बागेत त्यांच्या पणजोबांचं मातीचं दुमजली घर होतं. पणजोबा झांझिबारला व्यापार करत. फोटो म्हणजे काय हे आसपास कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा ते तिथून कॅमेरा घेऊन आले होते. या घरात ते काचेवर फोटो उतरवत. त्या काचा केव्हाच फुटून गेल्या होत्या. आता नव्या बंगल्यासाठी घरही पाडायचं ठरलं होतं.

“शनिवारी मशीन येतंय,” खलफान म्हणाले. “त्याआधी घराचा एक मोठा फोटो काढून द्या. आईसाठी. ती धड जेवतसुद्धा नाही.”

मोठा फोटो म्हटल्यावर डोरोथीने जुना कॅमेरा बाहेर काढला. मला दोनदा झटकलं. किती वर्षांनी मला ऊन लागलं!

शुक्रवारी सकाळी आम्ही बागेत पोचलो. पाडकामाचा मुकादम रमण टेप घेऊन भिंती मोजत होता. मालवणकडचा माणूस. डोरोथीचं मराठी ऐकून खूश झाला. खलफानची आई जुवैना मात्र माडीवरच्या खोलीत ठाण मांडून बसली होती.

“फोटो काढायचा तर याच खोलीचा काढ,” ती डोरोथीला म्हणाली. “या भिंतीवर बागेतली झाडं उतरायची. उलटी. माझे आजोबा आम्हा मुलांना दाखवायचे.”

खलफान खालच्या आवाजात म्हणाले, “मनावर घेऊ नका. तिचं वय झालंय. मी याच घरात वाढलो, मला नाही कधी झाडं दिसली.”

डोरोथी खिडकीकडे बघत राहिली. भली मोठी काच, खोलीभर ऊन. तिने तिकडच्या रीतीने जुवैनाला ‘खलफानची आई’ म्हणून हाक मारत विचारलं, “उम्म खलफान, इथे आधी दुसरी खिडकी होती का?”

“लाकडी झडप होती. जाड. तिला मधोमध बारीक भोक होतं. हा रांगत होता तेव्हा वाळवी लागली, मग काढून टाकली.”

डोरोथीचा चेहरा असा उजळला की बस! लहानपणापासून माझ्याखाली तिने जग उलटंच पाहिलं होतं. ही अख्खी खोलीच एक कॅमेरा होती, हे तिच्या लक्षात आलं.

“रमणभाऊ, खिळे आणि हातोडी आणा! यल्ला, लवकर!”

घरातली घोंगडी खिडकीला ठोकली, पण त्यांच्या विणीतून उजेड झिरपत होता. तेव्हा डोरोथीने मधोमध मला ताणून बसवलं. खोली मिट्ट काळी झाली. तिने सुईने मला टोचलं. काहीच दिसेना. मग तिने कात्री हातात घेतली आणि थांबली.

“बाई, चांगलं कापड आहे, फाडू नका,” रमण म्हणाला.

“मम्मीने शिवलंय,” डोरोथी पुटपुटली. “पण उद्या हे घर राहणार नाही.”

तिने हरभऱ्याएवढं गोल भोक कापलं. दुखलं का? खरं सांगतो, मित्रांनो, मला दुखायची सवडच मिळाली नाही. त्या भोकातून उजेडाची रेघ सरळ समोरच्या भिंतीवर गेली, आणि अख्खी बाग तिथे उतरली! खजुराची झाडं शेंडे खाली करून लटकलेली, निळं आकाश जमिनीपाशी, पाटाचं पाणी छताजवळून चमकत चाललेलं. झावळ्या वाऱ्याने हलत होत्या, भिंतीवर!

रमण पळत बागेत गेला. “हात हलवा!” डोरोथी ओरडली. छताला पाय लावून उलटा रमण हात हलवू लागला, तशी जुवैना लहान मुलीसारखी टाळ्या पिटत हसली.

“काय रे, कुणाचं वय झालंय?” तिने लेकाला विचारलं.

खलफान आईच्या पायाशी जमिनीवर बसले. डोरोथीने कॅमेरा भिंतीकडे वळवून झाकण काढलं. फिकट उजेडात फोटो उमटायला फार वेळ लागणार होता. तिघं श्वाससुद्धा जपून घेत बसले. अखेर डोरोथीने झाकण लावलं आणि खलफान उठून जिन्यात गेले.

“रमण! मशीन नको. खलास! बंगला बागेच्या त्या टोकाला बांधू.”

“इन्शाल्ला, अर्बाब!” खालून मालकाला रमणचं खणखणीत उत्तर आलं.

दोन हजार सालानंतर त्या घराची नीट डागडुजी झाली. डोरोथीने काढलेला तो फोटो जिन्यापाशी लावलाय, दाराएवढा मोठा. शाळांच्या सहली येतात. कॅमेऱ्याचा पडदा आता खरंच खिडकीचा पडदा झालाय, आणि मला त्याचा केवढा गर्व आहे!

मित्रांनो, मला उन्हात वाळत घाला, पण बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. आणि घरातल्या आजीने काही अजब सांगितलं, तर लगेच हसू नका. आधी एकदा खिडकी बंद करून बघा.