अंजूला पडायचं काम कोणी दिलं?

“तृप्ती, हे पोरगी पिच्चर पाहून नाही राहिली. त्यात सोताले धुंडून राहिली,” हातमागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता कुसुमताई सुनेला म्हणाल्या होत्या. तृप्तीने ते हसण्यावारी नेलं. हसायचेच तर पिच्चर आहेत, त्यात एवढं काय, असं ती सासूला म्हणाली. मीही तिच्याच बाजूचा होतो. मी, म्हणजे मोहाडीच्या त्या घरातला, अड्याळहून तृप्तीच्या आंदणात आलेला जुना टीव्ही.

मित्रांनो, कारखान्यात मला जोडलं तेव्हा मी नुसती काच, तारा आणि बारीक दिवे होतो. इथे आलो आणि मानाचा झालो. शेजारीपाजारी माझ्या रंगांची तारीफ करायचे. तृप्तीचे यजमान प्रविण यांनी तर पहिल्याच दिवशी माझा उजेड वाढवून ठेवला. नट्या गोऱ्यापान दिसायला हव्या होत्या ना! सावळी नटीही माझ्यात येऊन दुधासारखी व्हायची. मला त्याचा अभिमान वाटायचा. आज लाज वाटते.

प्रेमाचे, गमतीचे पिच्चर तृप्तीला फार आवडायचे. दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना ती ते लावायची आणि तिला टेकून सहा वर्षांची अंजू बसायची. अंजू काळीसावळी, गुबगुबीत, टपोऱ्या डोळ्यांची. माझ्यात तिच्यासारखी एक असायचीच, नायिकेची मैत्रीण. ती केकमध्ये पडायची, दारात धडपडायची, ‘का’ऐवजी आपल्यासारखं ‘काहून’ म्हणायची, की सगळे हसायचे. शेवटी लग्न गोरीचं व्हायचं आणि ही मागे टाळ्या वाजवत उभी. तृप्ती पोट धरून हसायची. अंजू आधी आईकडे बघायची, मग हसायची.

एकदा अंगणात अंजू आणि शेजारची दामिनी पिच्चर-पिच्चर खेळत होत्या. हिरोईन कोण, यावरून भांडण होईल म्हणून तृप्ती दारात येऊन उभी राहिली. भांडण झालंच नाही.

“तू हिरोईन हो. मी मैत्रीण बनतो. मले पडाचं हाय,” अंजू म्हणाली.

ती पडायची मोठी झकास. मग तो छंदच झाला. पाहुणे आले की पडून दाखवायचं आणि टाळ्या घ्यायच्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घर बायकांनी भरलं होतं. कोपऱ्यात मी सुरूच होतो. अंजू दिवाणावरून पडली आणि सगळ्या हसल्या. तृप्तीही हसली. पोर उठत नाही हे दिसल्यावरही थोडा वेळ हसणं चालूच राहिलं. हनुवटीला चार टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर पट्टीतल्या तोंडाने तिने आईला पहिली गोष्ट विचारली ती हीच, की सगळ्या हसल्या ना.

त्या आठवड्यात तृप्तीने माझा उजेड कमी केला आणि रिमोट घेऊन शोधत बसली. काळीसावळी, जाड पोर आणि तिच्यावर जीव लावणारा कोणी, एवढंच तिला हवं होतं. एका पिच्चरमध्ये तशी होती, पण मध्यंतरानंतर तिचा चष्मा गेला, केस सरळ झाले, रंगही उजळला. तृप्तीने तो बंद केला. इतकी वर्षं मी या घरात बडबडलो, आणि माझ्याकडे या पोरीला द्यायला इतकं थोडं होतं.

चौथ्या दिवशी एक सापडला, दूरच्या कुठल्या भाषेतला, हिंदीत केलेला. नायिका अगदी अंजूच्या रंगाची. नायक तिच्या मागे बसस्टँडभर फिरत होता. अंजू ताठ बसून बघत होती, जराही हसत नव्हती. अर्धा पिच्चर झाल्यावर तिने हळूच विचारलं, “आई, हे बाई कवा पडते?”

“ती पडतच नाही, बाळा,” तृप्ती म्हणाली.

अंजूला ते पटलं नाही. ती शेवटपर्यंत वाट बघत राहिली.

मित्रांनो, माझ्या कडेला आता काळा पट्टा आला आहे. जे लावतील ते मी दाखवतो, नको म्हणायला मला तोंड नाही. तुम्हाला आहे. तुमच्या वर्गातही अशी एखादी असेल, सगळ्यांना हसवायला दरवेळी स्वतःच पडणारी. उद्या सगळ्यांचं हसून झालं की तिच्याजवळ जा, आणि तिला लागलं का, तेवढं बघून या.