लोट्यातलं मीठ

"अजून खाल्लं नाही त्यानं?" विमलताईंनी दारातूनच विचारलं.

शंकरसिंग काचेच्या पेटीपुढे उकिडवा बसला होता. चिमटीतला उकडलेल्या अंड्याचा कण त्याने पाण्यात सोडला. मासा थोडा पुढे आला, कणाकडे बघितलं आणि तोंड फिरवून दगडामागे गेला.

"नाई खात जी. मिजास आहे त्याची."

"मिजास कसली? आजारी आहे तो. पोट बघ कसं आत गेलंय."

"हो जी," शंकरसिंग म्हणाला. आत गेलेलं पोट त्याला कुणी दाखवायची गरज नव्हती. ते त्याने स्वतःच्या घरात पाहिलं होतं.

मासा समुद्रातला होता. दारव्ह्याच्या जिनिंग फॅक्टरीच्या बंगल्यात समुद्रातल्या माशाचं काय काम, हे कुणी विचारलं नाही, कारण फॅक्टरी मालकांची होती आणि विमलताई मालकांच्या बायको होत्या. त्यांच्या भावाने तो मुंबईहून पाठवला. मूर्तिजापूरला गाडी बदलून, छोट्या गाडीने तो आला. त्याच्यामागून गवतात बसवलेल्या मोठमोठ्या बरण्यांतून समुद्राचं पाणी आलं. स्टेशनावरच्या हमालाने बोट बुडवून चव घेतली आणि फलाटावर थुंकला. उन्हाळ्याचे दिवस होते. गावात बाया विहिरीत उतरून वाटीवाटीने पाणी भरत होत्या. आणि बंगल्यात आगगाडीने पाणी आलं, तेही पिता न येणारं.

मासा म्हणजे हळद फासलेली बशी. आला तेव्हा तरी जरा अंगाने भरलेला होता. मग त्याने खाणं सोडलं. पाठ विळ्याच्या पात्यासारखी झाली, डोकं धडाहून मोठं दिसायला लागलं. तहसीलदारीणबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, साखर टाका. मालक म्हणाले, कणकेच्या गोळ्या टाका. जनावरांच्या डॉक्टरांनी लांबूनच हात जोडले, "माझ्याकडे बैल येतात हो." त्या सगळ्यांत तेवढाच माणूस शहाणा निघाला.

शेवटी विमलताईंनी फाटकावरच्या शंकरसिंगला बोलावलं.

"तू रुपीला भरवायचास ना शेवटी शेवटी? तुझ्या हाताला सवय आहे. म्हणून तुलाच सांगते."

त्या हे चांगल्या मनाने बोलल्या. शंकरसिंगला त्याचाच जास्त राग आला.

त्याची बायको रुपीबाई गेल्या पावसाळ्यात गेली. बंगल्यामागच्या खोलीत ती पडून होती, पण बंगल्याच्या स्वयंपाकघरातून तिच्यासाठी एकदाही वाटीभर पेज आली नाही. आता माशासाठी अंड्याचा पिवळा बलक येत होता, बकऱ्याची कलेजी बारीक चिरून येत होती, दुधावरची सायसुद्धा येऊन गेली. शंकरसिंग ते सगळं एकेक करून पाण्यात टाकायचा. मासा खायचा नाही. मग पाणी नासू नये म्हणून तेच गाळण्याने बाहेर काढायचं. घालायचं आणि काढायचं. पगारी माणसाला असलंही काम करावं लागतं.

रुपीसुद्धा शेवटी खात नव्हती. तो वाटी घेऊन बसला की ती विचारायची, "तू खाल्लं का?"

"तू खाय, मंग मी खातो."

मग ती एक घास तोंडात घ्यायची आणि हळूहळू चघळत राहायची. त्याची भाकर संपेपर्यंत चघळायची. तो हात धुवायला उठला की घास पदराच्या टोकात काढून ठेवायची. त्याला ते ठाऊक होतं. आपल्याला ठाऊक आहे हे तिला कळू नये म्हणून तो खाली मान घालून जेवायचा.

ती गेल्यावर चूल पेटली नाही. फाटकासमोरच्या हॉटेलातला चहा आणि भजी, एवढ्यावर त्याचं चाललं होतं. एखाद्या दिवशी तेही नाही. सदरा खांद्यावरून घसरायला लागला होता. बंगल्यातल्या कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. लक्ष द्यायला तो काही पिवळा नव्हता.

एका दुपारी वीज गेली. पेटीत बुडबुडे सोडणारं यंत्र बंद पडलं. असं झालं की लोट्याने पाणी उचलून वरून ओतत राहायचं, असा विमलताईंचा हुकूम होता. शंकरसिंग ओतत बसला. मनगटापर्यंत हात पाण्यात, हातात पितळेचा लोटा. विमलताई आत पंख्याशिवाय तळमळत होत्या. मासा दगडाला टेकून त्याच्याकडे बघत होता. तोंड उघडायचा, मिटायचा.

"काय पाह्यतं बे?" शंकरसिंग म्हणाला. "कोणाची वाट पाहून राह्यला? तुह्यासाठी साय येते, कलेजी येते. तुले कायचं दुःख आहे? नाई खायचं तं मर. तू खाशीन तवाच मी खाईन, जाय!"

बोलला आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला.

बंजाऱ्यांच्या तांड्यावर वस्तीप्रमुख नायकापुढे भांडण आलं की लोट्यात पाणी घेतात, त्यात लूण, म्हणजे मीठ टाकतात, आणि माणूस त्यात हात घालून बोलतो. मग तो शब्द बदलत नाही. बदलला तर पाण्यात लूण विरतं तसं घर विरतं. शंकरसिंगच्या आज्याने बैलांच्या पाठीवर लूण लादून मुलूख पालथा घातला होता. त्या घरात लुणाची चेष्टा कुणी करत नव्हतं.

लोटा हातात होता. पाणी खारं होतं. हात त्यात बुडलेला होता, आणि शब्द तोंडातून गेला होता.

त्याने इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. हे लूण समुद्राचं, माणसाने टाकलेलं नाही, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. समोर नायक नाही, पंच नाही, एक मरतुकडा मासा आहे, असंही सांगून पाहिलं. पण लूण असलं काही विचारत नाही.

त्या संध्याकाळी तो हॉटेलात गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नुसतं पाणी पीत होता. माणूस देवासाठी उपाशी राहतो, लेकरासाठी राहतो. आपण एका बशीसाठी राहिलो, या विचाराने त्याला भुकेपेक्षा लाजच जास्त वाटत होती. कलेजीचे तुकडे टाकताना त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. मासा तुकड्याला नाक लावायचा आणि वळायचा. शंकरसिंग त्याला आईवरून शिवी द्यायचा आणि दुसरा तुकडा टाकायचा.

बंगल्याचं अंगण झाडायला पंचफुला यायची. रुपीची आणि तिची बोलचाल होती. तिसऱ्या सकाळी शंकरसिंग भिंत धरून उठताना तिने पाहिलं.

"काय झालं गा शंकरभाऊ? सकाळीच घेतली काय?"

"घ्यायले पोटात काही पायजे ना."

"काहून? हॉटेल बुडलं का समोरचं?"

त्याने आधी सांगितलं नाही. तिने झाडू टेकवून कमरेवर हात ठेवले, तेव्हा सांगावं लागलं. पंचफुला इतकी हसली की मोलकरीण बाहेर डोकावून गेली.

"माश्याच्या नावानं उपास! आमी धर्म बदलला तवा असल्या आणभाका साऱ्या नदीत सोडल्या. तूही सोड."

"सोडता येत नाई व."

"मंग मर त्याच्यासंगं. रुपी वर कपाळ बडवून घेत असन."

ती गेली. दुपारी परत आली, ती ओल्या फडक्याचं गाठोडं घेऊन. अडाण नदीच्या डोहात तिने टोपलीने झिंगे धरले होते. फडक्यात ते तडतड उडत होते.

"भाजून खाय. तुह्यासाठी आणले, त्याच्यासाठी नाई."

"मले चालत नाई म्हनलं ना."

"चालत नाई! तूही मिजासच करून राह्यला की." पंचफुलाचा संताप झाला. तिने फडक्यातून एक झिंगा उचलला आणि पेटीत भिरकावला. "घे बे शेटा, तूच खाय! याले नको आहे!"

झिंग्याने पाण्यात उडी मारली, वळला, पुन्हा उडाला. दगडामागून मासा बाहेर आला. आजवर पाण्यात पडलेलं सगळं मेलेलं होतं. हे पळत होतं. मासा अंग तिरपं करून एकदम धावला आणि झिंगा तोंडात धरला.

"खाल्ला!" पंचफुला ओरडली.

"थांब," शंकरसिंग म्हणाला. तोंडात धरणं म्हणजे खाणं नव्हे. तो काचेला नाक लावून बघत राहिला. माशाने झिंगा बाहेर टाकला. पुन्हा धरला. जबडा हलला. मग गळा हलला आणि तोंड रिकामं उघडलं. शंकरसिंगने पेटीचा तळ पाहिला, दगडामागे पाहिलं. कुठे काढून ठेवलेला नव्हता.

"अजून एक टाक," तो म्हणाला.

पुढे तो मासा चांगला भरला. पंचफुला झिंगे आणत राहिली, आणि विमलताई आल्यागेल्याला सांगत राहिल्या, की अंड्याच्या बलकाने गुण आला. तहसीलदारीणबाईंना वाटलं, साखरेने. वाटू दे.

त्या दिवशी शंकरसिंग उरलेले झिंगे घेऊन खोलीवर गेला. चुलीतली जुनी राख त्याने उपसली, काटक्या पेटवल्या, झिंगे निखाऱ्यावर टाकले. दुकानातून आणलेलं पीठ मळताना पाणी जास्त झालं. भाकर एका बाजूने जाड झाली, दुसरीकडे करपली. मिठासाठी रुपीचं गाडगं काढलं, तर गेल्या पावसाळ्याची ओल धरून मीठ आत दगड झालेलं होतं. त्याने वरवंट्याने टोक फोडून घेतलं.

तांड्यावर दिवाळीला वारलेल्या माणसांच्या नावाने विस्तवाला घास देतात, तसा भाकरीचा एक तुकडा त्याने निखाऱ्यावर ठेवला. तुकडा धुमसला, काळा झाला.

मग त्याने घास घेतला. बराच वेळ तो तोंडात तसाच धरून बसला. मग गिळला.