खोबणीतला साबण

आमच्या घरात भांडणंसुद्धा कुजबुजत होतात. कारण माझी भाची, दादाची लेक ठकी. चमचा पडला, दार आपटलं, की ती दचकून फळीसारखी ताठ होते आणि तिचा श्वास अडकतो.

दोष तिच्या मज्जातंतूंमधल्या एका प्रथिनात आहे. त्याला असते एक खोबण. तिथे ग्लायसिन नावाचा चिमुकला रेणू येऊन बसला की स्नायूंना हुकूम जातो, बाबांनो, शांत व्हा. ठकीची खोबण जन्मतःच वाकडी. ग्लायसिन येतं, पण त्याला नीट बसताच येत नाही.

असल्या प्रथिनांचे आकार शोधणं हेच माझं काम. भाचीच्या उपयोगी पडणार नसेन, तर एवढी शिकले कशाला? प्रयोगशाळेत आम्ही ठकीसारखंच वाकडं प्रथिन बनवलं, त्यात ग्लायसिनचं काम करेल असं नवं औषध मिसळून ते गोठवलं आणि लाखो फोटोंतून संगणकावर त्याचा नकाशा उभा केला. खोबणीत फुगवटा दिसला, म्हणजे तिथे काहीतरी येऊन बसलं होतं! मी त्यात औषधाचा रेणू बसवून पाहिला, तर अगदी चपखल. लगेच दादाला फोन लावला. पलीकडून नुसता हुंदका ऐकू आला.

आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम मात्र खडूस. "भाचीचं आहे ना? मग तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. औषध न घालता पुन्हा कर."

आमच्याकडे रीतच आहे ती. हवं तेच दिसलं, की आधी शंका घ्यायची. मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत मी सगळं पुन्हा केलं.

फुगवटा तसाच्या तसा होता. पेशीतून प्रथिन सोडवायला आम्ही एक साबण वापरतो, तोच मेला तिथे जाऊन बसला होता. औषध आत गेलंच नव्हतं.

घरी गेले. ठकी चटईवर खेळत होती, वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

"दादा, ते औषध नव्हतं रे. साबण होता."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मला हवं होतं, म्हणून दिसलं."

"मग मला फोन कशाला केलास?" दादा ओरडला. ठकी झाल्यापासून आमच्या घरात कोणी ओरडलं नव्हतं.

ठकी ताठ झाली. ओठ निळे पडायला लागले. दादा जागच्या जागी थिजला. वहिनी अशा वेळी तिला दुमडून श्वास परत आणते, ते मी कितीदा पाहिलं होतं, पण पोरीला हात लावायची छाती कधी झाली नव्हती. आता मीच एक हात तिच्या मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली. डोकं छातीकडे, पाय पोटाकडे घेऊन तिला घट्ट दुमडलं. "ये गं बाई, ये."

श्वास आला आणि पाठोपाठ भोकाड.

वहिनी धावत खाली आली. "सोडू नका ताई, अजून सैल झाली नाही ती."

दादा लेकीची पावलं धरून खाली बसला. "दुसरं औषध आहे का?"

"आहेत अजून."

"या वेळी मॅडमनी बघेपर्यंत फोन करू नकोस."

"नाही करणार."

माझ्या मांडीवर ठकी घर डोक्यावर घेत होती. आम्ही तिघांनीही तिला गप्प केलं नाही.